गाडीतला माणूस उठेपर्यंत

बिदरकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा दिसलाच नव्हता. जामबागेतल्या आमच्या मराठी शाळेत मी नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. सकाळी फाटकातून एक मोपेड आत आली. चालत येणारी पोरं तिच्या पुढे होती आणि पुढेच राहिली. मोपेडवर नारायणपेठी साडी नेसलेल्या एक बाई होत्या आणि त्यांच्या डोक्यावर अख्खं तोंड झाकणारं पांढरं हेल्मेट होतं. त्या काळी हैदराबादेत हेल्मेट पोलीससुद्धा घालत नसत. पटांगण रिकामं होतं, मागेपुढे चिटपाखरू नव्हतं, तरी बाईंनी उजवा हात लांब करून वळत असल्याची खूण केली आणि मगच वळल्या. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी हेल्मेट जगाच्या नकाशाच्या खुंटीला अडकवलं आणि मला म्हणाल्या, "नव्या का? बसा. ती खुर्ची नक्को, तिचा पाय हलतो."

तेव्हापासून नकाशावरची अर्धी आफ्रिका आम्हाला कधी दिसली नाही. भूगोलाचे सर कुरकुरायचे, पण बाईंना सांगायची हिंमत त्यांना शेवटपर्यंत झाली नाही.

बाई मूळच्या बिदरकडच्या शेतकरी घरातल्या. वडील निजामाच्या काळात शहरात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत उर्दू, बाजारात तेलुगू, आणि बाईंच्या तोंडात तिन्ही एकदम. वर्गात गणित मराठीतून सांगायच्या, ओरडायच्या दखनी उर्दूतून. तेलुगूतून बोलायला लागल्या की प्रकरण गंभीर आहे असं पोरं समजायची. उत्तर बरोबर आलं पण मधल्या पायऱ्या नसल्या तर बाई गुण देत नसत. "कुठून आलास ते दाखव," म्हणायच्या. "उडून आलास काय?"

मी हिमायतनगरात त्यांच्या मागच्याच गल्लीत राहायचे, म्हणून एकदा त्यांच्या मोपेडवर मागे बसून घरी यायचा योग आला. नारायणगुड्याच्या चौकापर्यंत सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. पुढे डोक्यावर दह्याचं मडकं घेतलेली एक बाई चालत आमच्या बरोबरीला आली, थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिली आणि मग तीही पुढे गेली. मला उतरून चालावंसं वाटत होतं. बाई मात्र हेल्मेटच्या आत निवांत होत्या. तर ही बाई जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारींची भक्त असेल, असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

कळलं ते असं. "रविवारी संध्याकाळी या, पोहे आहेत," असं त्या म्हणाल्या. मी समजले, हळदीकुंकू असेल, फार तर भिशी. वेणी माळून गेले. दारातच असा आवाज आला की घराघरातले मिक्सर एका खोलीत आणून सुरू केलेत की काय असं वाटलं. आत टीव्हीवर रंगीत गाड्या गरागरा फिरत होत्या. छप्पर नसलेल्या, जमिनीला चिकटलेल्या, एकेकच माणूस बसेल अशा. फॉर्म्युला वन. युरोपात कुठे तरी दुपार होती आणि तिथली शर्यत आमच्या संध्याकाळी थेट दिसत होती. बाई टीव्हीसमोरच्या लाकडी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पेपर तपासायला बसाव्यात तशा. मला हातानंच बसायची खूण केली आणि म्हणाल्या, "आता नक्को बोलू. जाहिराती लागल्या की बोलू."

बाजार खुला झाला, खुला झाला, असं पेपरात येत असे, पण आमच्या गल्लीत तो केबलच्या वायरीवरून आला. वायर होती यादगिरीची. त्यानं गच्चीवर एक भलीमोठी तबकडी बसवली होती आणि तिच्या शेजारच्या खोलीत बसून तो कुठल्या घरात काय दिसावं ते ठरवायचा. वाहिन्या फार, यंत्रं थोडी. त्यामुळे रविवारी संध्याकाळी खेळाची वाहिनी काढून त्या जागी तो तेलुगू सिनेमा लावायचा, कारण सगळ्या गल्लीला सिनेमा हवा असायचा. ऐन शर्यतीत गाड्या गेल्या आणि नायक-नायिका नाचायला लागले, असं एकदा झालं. बाई हेल्मेट घालून थेट यादगिरीच्या गच्चीवर गेल्या. हेल्मेट कशाला, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. भांडण ऐकायला मिळेल म्हणून आम्ही खाली कान देऊन उभे होतो, पण वरून काहीच ऐकू येईना. बऱ्याच वेळानं बाई खाली आल्या. यादगिरीची मुलगी दहावीत गणितात मागे पडत होती. बाई तिला शिकवणार आणि यादगिरी सिनेमा दुसऱ्या वाहिनीच्या जागेवर ढकलणार, असं ठरलं होतं. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. यादगिरी पुढे बाईंच्या घरी वायर तपासायला म्हणून येऊन दारातच शर्यत बघत थांबायला लागला.

रविवारची मंडळी ठरलेली होती. एक मोईनभाई. बेगम बाजारात त्यांचं सुक्या मेव्याचं घाऊक दुकान होतं, आणि बाईंच्या नवऱ्याचे ते शाळेपासूनचे दोस्त, बाईंना आपा म्हणणारे. सगळ्यांसाठी म्हणून खिशात पिस्ते घेऊन यायचे आणि शर्यत चुरशीची झाली की एकटेच खाऊन टाकायचे. लाल गाड्यांवर त्यांची जन्माची निष्ठा होती. दुसरा सतीश, पुण्याहून इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आलेला, बाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा. तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शर्यतींबद्दल आठवडाभर वाचायचा आणि ते सगळं रविवारी आमच्यावर ओतायचा, तेही इतक्या शुद्ध मराठीत की मोईनभाई मध्येच विचारायचे, "ये बच्चा खबरां पढरा क्या?" तिसरा बाईंचा एकुलता एक मुलगा नंदू. इंजिनिअरिंगला होता, नखांत कायम ग्रीस. आणि चौथी मी. मला त्यातलं ओ का ठो कळत नसे, पण पोहे चांगले असत.

पोहे बिदरकर साहेब करायचे. साहेब वीज खात्यात होते, अत्यंत सौम्य. गाड्यांच्या आवाजानं त्यांचं डोकं दुखायचं, म्हणून कानात कापसाचे बोळे घालून ते स्वयंपाकघरात असायचे आणि जाहिराती लागल्या की बशा घेऊन बाहेर यायचे. त्यांनी एकही शर्यत धड बघितली नाही. कोण पुढे आहे ते मोईनभाईंच्या तोंडाकडे बघून त्यांना कळायचं.

या घराची एक रीत होती, ती मात्र मला पहिल्याच दिवशी कळली. एक गाडी वळणावर घसरली, भिंतीला आपटली, तिचं एक चाक उडून गेलं. आणि खोलीतले सगळे उठून उभे राहिले. बाई, मोईनभाई, नंदू. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मीही गडबडून उठले. गाडीतला माणूस जरा वेळानं हलला, बाहेर आला, चालत निघाला, त्यानं लोकांना हात केला. मग बाई बसल्या आणि मग बाकीचे बसले. सतीश नवा होता तेव्हा त्यानं विचारलं होतं, राष्ट्रगीत लागलं का. कुणी हसलं नाही, आणि पुढच्या वेळी तोही उठला. तोच अपघात पुन्हा दाखवला तर मात्र उठायचं नसे. बाईंचं म्हणणं, एकदा उठला म्हणजे उठला.

हे कुठून आलं, ते त्यांनी मला पुढे कधी तरी सांगितलं. केबल नवी नवी होती. कुणाला त्या शर्यतीतलं फारसं समजतही नव्हतं. अशाच एका रविवारी एक गाडी भिंतीवर गेली. बाई तेव्हा चहाची गाळणी आणायला म्हणून उठल्या होत्या. हा उठला की जाऊ, म्हणून त्या तिथंच थांबल्या. तो उठला नाही. माणसं धावली, पडदे धरले, वरून हेलिकॉप्टर आलं, आणि बाई उभ्याच. मोईनभाईंनी बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत. शेवटी मोईनभाईही उठले. नंतर मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आपा खडी है तो मैं कैसा बैठूं. तो माणूस गेल्याचं बातम्यांत आलं. "मी त्याला ओळखत पण नव्हते," बाई म्हणाल्या. "पण तो पडलेला असताना मी बसायचं, हे मला बरं दिसेना."

चर्चा व्हायची ती शर्यत संपल्यावर, चहाबरोबर. विषय दर वेळी एकच. या खेळाचं आता काय राहिलंय? मोईनभाईंचं दुःख जुनं होतं. पूर्वी ताकद माणसाच्या मनगटात होती, आता सगळं कॉम्प्युटर करतो, असं त्यांचं म्हणणं. "आपा, पहले आदमी गाडी चलाता था," ते म्हणायचे. "अब गाडी आदमी कू बिठाके लेजारी." सतीशला कॉम्प्युटरबद्दल वाईट बोललेलं सहन होत नसे, त्याचं पोटच त्याच्यावर होतं. तो म्हणायचा, खरा घोटाळा पैशाचा आहे. ज्याच्याकडे पैसा त्याची गाडी चांगली, मग तोच दर वेळी पुढे. रस्त्यावर कुणी कुणाला मागे टाकतच नाही. पेट्रोल भरायला थांबतात तिथं कोण लवकर सुटतो, त्यावर शर्यत ठरते. ही काय शर्यत झाली? ही तर पेट्रोलपंपावरची रांग.

एका बाबतीत मात्र दोघांचं जमायचं. सुरक्षिततेच्या नावाखाली खेळाचा जीव काढून घेतला, असं दोघांचंही मत होतं. वेगवान वळणं तोडून हळू केली, टायरना खाचा पाडायला लावल्या, रस्त्याच्या कडेला ही एवढी मोकळी जागा सोडली. मोईनभाई त्याला बारात म्हणायचे, सतीश मिरवणूक. धोकाच उरला नाही तर मजा कसली, असं एकदा सतीश बोलून गेला. बाई तोवर शांतपणे चहा पीत होत्या.

"धोका कुणाला?" त्यांनी विचारलं. "तू तर सोफ्यावर बसलास."

सतीशनं चहाचा कप तोंडाला लावला. "मिरवणूक तर मिरवणूक," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी पोरगं घरी यायलंय ना? मला ती मिरवणूक चालते."

पुढे तो लाल गाड्यांचा काळ आला. दर रविवारी लालच जिंकायच्या, आणि इतकं जिंकूनही मोईनभाईंचं तोंड उतरायला लागलं. चुरसच नव्हती, पिस्ते खिशातच राहायचे. त्यातच एका शर्यतीत पुढे असलेल्या लाल गाडीला तिच्याच मालकांनी शेवटच्या टप्प्यात सांगितलं, मागच्याला जाऊ दे. मागचा म्हणजे आपल्याच संघाचा मोठा खेळाडू, त्याचे गुण वाढायला हवेत. आणि त्या बिचाऱ्यानं खरंच गाडी हळू केली. मोईनभाईंनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि भिंतीकडे बघत बसले. बाईंना सहसा राग येत नसे, त्या दिवशी आला. पहिल्या येणाऱ्या पोराला मी सांगू का, की शेवटचं गणित सोडून दे, नंबर दुसऱ्याचा येऊ दे, नाव आपल्या शाळेचंच होणार आहे? असं त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. जणू आमच्यापैकीच कुणी तसं करायला सांगितलं होतं. पुढच्या रविवारी मोईनभाई आले ते सांगतच, की आजपासून जो मागे असेल तो माझा. त्यांच्या तब्येतीला ते मानवलं. पिस्ते पुन्हा संपायला लागले.

नंदू या चर्चांत बोलत नसे. तो टीव्हीकडे वेगळं बघायचा. आम्ही कोण पुढे ते बघायचो, तो वळणावर आत शिरताना माणूस कुठे बघतो ते बघायचा. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं असं नाही, मला कळणार काय? पण बाईंच्याही लक्षात आलं नाही, याचं नवल वाटतं. आई म्हणून की शर्यतवेडी म्हणून, कुठल्या तरी एका नात्यानं त्यांना ते दिसायला हवं होतं.

एका आठवड्यात नंदू कॉलेजच्या पोरांबरोबर मद्रासकडचे कारखाने बघायला म्हणून गेला आणि परत आला. रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा तो आधीच दिवाणावर बसलेला होता, मांडीवर पेपर पसरून. पोहे आले, त्यानं बसूनच घेतले. शर्यत रंगात आली आणि एक गाडी दुसरीच्या मागच्या चाकावर चढून हवेत गेली, उलटी पडली. आम्ही सगळे उठलो. नंदू माझ्या शेजारी होता. त्यानं भिंतीला हात लावला, अर्धवट उठला आणि परत बसला. पुन्हा उठायला गेला, पुन्हा बसला. कपाळावर घाम आला होता. बाईंची नजर टीव्हीवर होती. माणसं धावत गेली, गाडी सरळ केली, आतला बाहेर आला, लंगडत चार पावलं गेला, हात वर केला. मोईनभाई बसले, सतीश बसला, मी बसले.

बाई बसल्या नाहीत.

त्या टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, "नंदू, तू कधी उठणार?"

मग सगळं बाहेर आलं. मद्रासच्या बाहेर शर्यतींसाठी बांधलेला रस्ता आहे, तिथं तो मित्राची मोटरसायकल चालवायला जात होता. पहिल्यांदा नव्हे, याआधीही गेला होता. या खेपेला वळणावर पडला, गुडघा सोलून सुजला. काही महिन्यांनी नवशिक्यांची शर्यत होती आणि त्यात त्याला उतरायचं होतं. त्यानं सगळं एका दमात, खाली बघत सांगितलं. गुडघ्यावरचा पेपर बाईंनी उचलला, खालची पट्टी बघितली आणि जाऊन टीव्ही बंद केला. शर्यत अजून अर्धी बाकी होती. "आज एवढंच," त्या म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

त्यानंतर किती तरी रविवार त्या घरातला टीव्ही लागला नाही. साहेब मात्र सवयीनं पोहे करत राहिले आणि झाकलेल्या बशा आमच्या घरी पोचत्या करत राहिले. मोईनभाई दुकान लवकर बंद करून यायचे, फाटकाशी उभे राहून साहेबांशी इकडचं तिकडचं बोलायचे आणि परत जायचे. मायलेकरांत गरजेपुरतं बोलणं होतं. मला सगळ्यांचीच कीव यायची.

एका संध्याकाळी रिकामी बशी द्यायला गेले तर बाई अंगणात पायरीवर बसून नंदूच्या गुडघ्याची पट्टी बदलत होत्या. मी परत फिरणार होते, पण नंदू बोलायला लागला होता आणि मला हलवेना.

"आई, तू नक्को म्हण, मी नाही जाणार," तो म्हणाला. "खरंच नाही जाणार. पण मग रविवारी टीव्ही पण लावू नको. ती पण कुणाची तरी पोरंच आहेत."

बाईंनी पट्टीचा वेढा पुरा केला, गाठ मारली. "घट्ट झाली का?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघीच स्टाफरूममध्ये होतो. बाई डबा उघडून नुसत्याच बसल्या होत्या. नेहमीच्या आवाजात बोलायला लागल्या. म्हणाल्या, "मी उभी राहायची ना, मला वाटायचं आपलं काम झालं. परक्याच्या पोरासाठी उभं राहायला काय लागतंय? मला लई भीती वाटायलीय. रात्री डोळा लागत नाही." मग नकाशावरच्या हेल्मेटकडे बघून म्हणाल्या, "लहानपणापासून त्याला सांगत आले, हे घातल्याशिवाय निघायचं नाही. ते घालून कुठं जायचं, हे पण मीच सांगायचं होय?" मी त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी खाल्ली.

त्या रविवारी साहेब बशी न घेता निरोप घेऊन आले, की या. टीव्ही लागलेला होता. मोईनभाई आले, सतीश आला, आणि आपापल्या जागी अवघडून बसले. पहिल्या जाहिराती लागल्या तेव्हा बाई वळून नंदूला म्हणाल्या, "गुडघा पूर्ण बरा होऊ दे. मग जा. पण मी येणार बघायला." नंदूचा चेहरा बघण्यासारखा झाला. परवानगी मिळाली याचा आनंद, आणि शर्यतीच्या ठिकाणी आई डबा घेऊन येणार याची धास्ती, दोन्ही एकदम. पुढचे काही दिवस बाईंनी त्याचे बूट, हातमोजे, चामड्याचा पोशाख सगळं पेपर तपासावं तसं तपासलं. मित्राकडून आणलेले हातमोजे शिवणीत उसवलेले निघाले, ते नापास झाले. नवे आणावे लागले.

मद्रासला आम्ही तिघं गेलो, बाई, मोईनभाई आणि मी. साहेब आले नाहीत. मला बघवणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. स्टेशनवर त्यांनी पोह्यांचा डबा दिला आणि एका पुडीत कापूस दिला, आमच्या कानांसाठी. मोईनभाईंना म्हणाले, "फोन करा. जिंकला, हरला, ते नका सांगू. संपलं, एवढंच सांगा."

टीव्हीवरच्या शर्यतीत समुद्र असतो, बोटी असतात, नटलेल्या बायका असतात. इथं रखरखीत ऊन होतं, बाभळी होत्या, पत्र्याखाली सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि बघायला तुरळक माणसं, बहुतेक त्या पोरांचेच मित्र. मोटरसायकली ओळीत उभ्या राहिल्या. सगळी पोरं हेल्मेटच्या आत सारखीच दिसत होती. बाईंनी नंदूला हातमोज्यांवरून ओळखलं. शर्यत सुरू झाली आणि त्या उठून उभ्या राहिल्या. कुणीच पडलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, बाई, बसा की, अजून वेळ आहे. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. मोईनभाई त्यांच्याकडे बघून उठले. मग मीही उठले. मागच्या पोरांनी बसा बसा म्हणून गलका केला, मोईनभाईंनी वळून त्यांना असं काही सांगितलं की ती गप्प झाली.

गाड्या समोरून जायच्या, लांबच्या वळणामागे दिसेनाशा व्हायच्या आणि परत यायच्या. नंदू मधल्या घोळक्यात होता. दर वेळी तो समोरून गेला की बाई श्वास सोडायच्या. शर्यत संपत आली होती. आमच्या समोरच्याच वळणावर घोळका आत शिरला, दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि एक आडवी होऊन घसरत मातीत गेली. धूळ उडाली. धुळीत ते नवे हातमोजे दिसले.

बाई हलल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते नंतर काळंनिळं झालं. झेंडा घेतलेला माणूस धावला. धूळ बसली. पोरगं पालथं पडलेलं होतं. मग त्यानं एक गुडघा उचलला, मग दुसरा. उभा राहिला. झेंडेवाला त्याला धरून कडेला न्यायला लागला, पण तो थांबला, आमच्या पायऱ्यांकडे वळला आणि हात वर केला. आणि तो हात तसाच वर ठेवून उभा राहिला. आपली आई आपण हात केल्याशिवाय बसणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. बाई बसेपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही.

बसल्यावर बाईंनी पाणी मागितलं. मग रडल्या, पदर तोंडाला लावून, चांगल्या मोठ्यानं रडल्या. मोईनभाई फोन करायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. फोन लागायला वेळ लागला, असं म्हणाले, पण डोळे त्यांचेही लाल होते. त्यांनी साहेबांना संपलं एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी नंदूनं आमच्याबरोबर बसून सगळा डबा संपवला आणि कोपराला खरचटलंय, एवढीच तक्रार केली.

नंदू नंतर काही वर्षं शर्यतीत उतरत राहिला. फार जिंकला नाही, पण त्याला त्या कामाची माणसं भेटली आणि मोटरसायकलींच्या एका कारखान्यात नव्या गाड्या चालवून बघायची नोकरी लागली. दर शर्यतीला बाईंना जाणं जमत नसे. मग शर्यत झाली की तो बूथवरून फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आई, बस आता." बाई खरंच फोनशेजारी उभ्या असायच्या, हे मला साहेबांनी सांगितलं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याच खोलीत. त्या निवृत्त झाल्या होत्या, घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं आणि दोघं नंदूकडे राहायला जाणार होते. सतीश अमेरिकेला गेला होता. मोईनभाई काठी घेऊन आले, खिशात पिस्ते होते, दात मात्र राहिले नव्हते. नंदू आईवडिलांना न्यायला आला होता. सामान बांधून झालं होतं, टीव्ही आणि पोह्यांची कढई तेवढी बाहेर ठेवली होती, कारण रविवार होता. बाईंचे गुडघे पार गेले होते. भिंतीला धरून चालायच्या. मोपेड कधीच विकली होती, हेल्मेट मात्र सामानावर सगळ्यात वर बांधलेलं होतं. मोईनभाईंनी जुन्या काळासाठी हळहळायला सुरुवात केली, बाईंनी त्यांना नेहमीसारखं गप्प केलं, आणि मला वाटलं, हे आता पुन्हा नाही. फार वाईट वाटलं.

शर्यत अर्ध्यावर आली असताना एक गाडी भिंतीला धडकली. आम्ही उठलो. बाईंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, थोड्या उचलल्या गेल्या आणि परत खाली आल्या. पुन्हा जोर दिला. नंदूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तू बस," तो म्हणाला. "मी उभा आहे."

त्यांनी हात मांडीवर घेतले. नंदू उभा होता, मोईनभाई काठी टेकून उभे होते, मी उभी होते. स्वयंपाकघराच्या दारात साहेब आले होते, हातात उलथनं तसंच, कानातले बोळे काढलेले, तेही उभे होते. पडद्यावर धूर निवळत होता. बऱ्याच वेळानं गाडीतून एक हात बाहेर आला, मग हेल्मेट, मग अख्खा माणूस.

"उठला," बाई म्हणाल्या. "बसा आता सगळे."